घाट डाउनलोड झाला आहे

सिंहगड नोटपॅडमध्ये उघडता येतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा उघडून पाहावा. डोणज्यापासून वरच्या गाडीतळापर्यंतचा सगळा घाट तिथे ओळीने उभा असतो. अक्षांश अठरा दशांश काहीतरी, रेखांश त्र्याहत्तर दशांश काहीतरी, उंची अमुक मीटर, वेळ तमुक. त्याखाली पुन्हा तेच, फक्त शेपटाकडचा एखादा आकडा बदललेला. असे हजारभर ठिपके. वळण नाही, झाड नाही, माकड नाही, गाडी तापली म्हणून बॉनेट उघडून कडेला उभं राहिलेलं कुटुंब नाही. १३१२ मीटर उंचीचा गड, पण फोनमध्ये दोनशे केबीसुद्धा घेत नाही.

या फाईलला जीपीएक्स म्हणतात. २००२ साली ही पद्धत निघाली तेव्हा हेतू साधा होता. एका कंपनीच्या यंत्राने टिपलेली वाट दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला वाचता यावी आणि रानावनात माणूस चुकू नये, एवढाच. आता मात्र ती अशी माणसं वापरतात ज्यांना वाट चुकण्याची काडीचीही भीती नाही, कारण ती हॉलमधून बाहेरच पडत नाहीत.

त्यांची रीत अशी. सायकलचं मागचं चाक काढायचं आणि सायकल एका जडशीळ यंत्रावर चढवायची. या यंत्राला स्मार्ट ट्रेनर म्हणतात. त्याची किंमत घरात सांगताना जीएसटी आणि मूळ रकमेचा निम्मा भाग वगळण्याची प्रथा आहे. त्याच्या पोटात एक चक्र आणि विद्युतचुंबक असतो. फाईल ॲपमध्ये टाकली की ॲप लागोपाठच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर बघतं, उंचीतला फरक बघतं, चढ काढतं आणि ब्लूटूथवरून यंत्राला कळवतं की आता सात टक्के. म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सात मीटर वर. चुंबक आवळतो, पाय जड होतात आणि सोफा व टीव्ही यांच्यामध्ये घाट सुरू होतो.

पुण्यात हा उद्योग जूनमध्ये जोर धरतो. पावसाळ्यात सिंहगडाचा रस्ता अतिशय सुंदर दिसतो आणि म्हणूनच तिथे सायकलने जाता येत नाही. शनिवार-रविवारी सगळं शहर ते सौंदर्य बघायला चारचाकीतून निघालेलं असतं. उरलेल्या दिवसांत दरडीच्या भीतीने घाट मधूनमधून बंद. मग सायकलवाला माणूस चप्पल-बूट ठेवायच्या रॅकशेजारचा कोपरा मागून घेतो, खाली रबरी चटई अंथरतो आणि फाईल शोधायला लागतो.

शोधायला फार लांब जावं लागत नाही. सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घाटांची देवाणघेवाण बारा महिने चालू असते. 'कुणाकडे वरंधा आहे का?' 'माझ्याकडे आंबोली आहे, पण वरून खाली आहे.' 'कसारा देतो, पसरणी द्या.' एकाने ताम्हिणी पाठवताना खाली टीप लिहिली होती, 'पावसात घेतलाय, जरा जपून.' त्यावर चार जणांनी अंगठे दिले. घरात, चटईवर, जागच्या जागी उभ्या असलेल्या सायकलवरून ताम्हिणीत घसरू नये याची काळजी घेणारी ही माणसं आहेत. तिथल्या तिथे पत्ता विचारून मोकळी होणारी जुनी पिढी यांना हसते ते उगाच नाही.

दुसऱ्याची फाईल घेण्यात एक अडचण असते. फाईल फक्त रस्ता सांगत नाही, रस्त्यावरच्या माणसाबद्दलही सांगते. प्रत्येक ठिपक्याला वेळ चिकटलेली असते आणि ती ग्रीनिचची, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे. आमच्या ग्रुपमधल्या एका सद्‌गृहस्थांची फाईल त्यांच्या पत्नीने सहज उघडली. तर हे रात्री पाऊण वाजता खडकवासल्याला, आणि तेही पस्तीस मिनिटं एकाच जागी. सकाळचे सव्वासहा होते आणि समोर कणसाची गाडी होती, हे समजावून सांगायला त्यांना जो वेळ लागला त्यात खरा सिंहगड चढून खाली येता आलं असतं. कणसाचा मुद्दा तरीही त्यांच्या अंगाशी आलाच, कारण घरून निघताना ते 'डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय' असं सांगून नाश्ता टाळून गेले होते.

तीच फाईल पुढे माझ्याकडे आली. माणूस थांबला तरी उपग्रहांच्या हिशेबात तो पुरता थांबत नाही, दोन-चार मीटर इकडेतिकडे होत राहतो. यंत्र ते सगळं इमानदारीने टिपतं. त्यामुळे खडकवासल्याच्या चौपाटीवर पोचताच पडद्यावरचा माझा माणूस कणसाच्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालू लागला. अर्धा मीटर पुढे गेला की दीड मीटर वर. कागदावर हा चढ तीनशे टक्के होतो. ट्रेनरने जमेल तेवढा चुंबक आवळला आणि पेडल जागच्या जागी थांबलं. ज्या ठिकाणी तो गृहस्थ लिंबू-मीठ लावून निवांत उभा होता, नेमकं त्याच ठिकाणी माझ्या मांड्यांत गोळे आले.

फाईल जिथून सुरू होते ती जागा म्हणजे बहुतेक वेळा मालकाचं घर. तेव्हा दुसऱ्याला देण्याआधी पहिला किलोमीटर कापून टाकावा, हे शहाणपण ग्रुपवर अधूनमधून सांगितलं जातं. ते हसण्यावारी नेऊ नये. २०१८ च्या जानेवारीत जगाच्या लक्षात आलं की स्ट्राव्हा या ॲपने जगभरातल्या धावपटूंच्या आणि सायकलवाल्यांच्या वाटा एकत्र करून जो चकचकीत नकाशा काढला होता, त्यात वाळवंटातले लष्करी तळसुद्धा उजळून निघाले होते. सैनिक सकाळी तळाभोवती पळत होते आणि मनगटावरची घड्याळं ते लिहून घेत होती. त्यापुढे आपल्या कणसाची काय कथा?

आता उंचीकडे वळतो. उंची हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत बेभरवशाचा आकडा आहे आणि दुर्दैवाने चढ त्यावरूनच निघतो.

मुळात उपग्रहावरून जागा नीट कळू लागली तीच अलीकडे. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात अमेरिकेने मुद्दाम चूक घालून ठेवलेली असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत सरकत असे. सिंहगडाच्या घाटात शंभर मीटर सरकणं म्हणजे काय, हे ज्यांनी कठड्याजवळ उभं राहून खाली पाहिलंय त्यांना कळेल. ती चूक काढून टाकण्याची घोषणा अमेरिकेच्या अध्यक्षांनी केली १ मे २००० रोजी. इकडे आपण महाराष्ट्राची चाळिशी साजरी करत होतो, झेंडावंदन करून जिलेबी खात होतो, आणि आपले घाट नीट टिपता येण्याची सोय परस्पर वॉशिंग्टनमध्ये झाली. या योगायोगावर कुणी भाषण केल्याचं ऐकिवात नाही.

आडवी जागा सुधारली तरी उभी जागा मागेच राहिली. कारण उघड आहे. सगळे उपग्रह डोक्याच्या बाजूला, पायाखालून पाहणारा एकही नाही. शिवाय समुद्रसपाटी सपाट नसते, ही बातमी शाळेत आपल्याला कुणी दिली नव्हती. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात खड्डे आहेत आणि त्यातला सर्वांत खोल खड्डा हिंदी महासागरात, श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे. तिथे समुद्राची पातळी हिशेबातल्या गुळगुळीत पृथ्वीपेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. त्या उताराच्या एका अंगाला आपण राहतो. त्यामुळे एखाद्या यंत्राने हा फरक वळता न करता कच्ची उंची लिहिली, तर मरीन ड्राइव्हवर सकाळी सायकल चालवणारा माणूस फाईलमध्ये पाण्याखाली पन्नासहून जास्त मीटरवर असतो. मुंबईकर म्हणतील, जुलैमध्ये नाहीतरी तसंच असतं.

यावर उपाय म्हणून चांगल्या यंत्रांत वायुभारमापक असतो. वर गेलं की हवेचा दाब कमी होतो, त्यावरून उंची. हा प्रकार उत्तम चालतो, पण कोरड्या दिवशी. पाऊस येताना दाब आपला आपणच कमी होतो आणि यंत्राला वाटतं की मालक चढतायत. एक हेक्टोपास्कल दाब उतरला की साधारण आठ मीटर चढाई जमा. वादळी पावसात टपरीवर दोन कटिंग होईपर्यंत वीस-पंचवीस मीटर चढून झालेले लोक माझ्या माहितीत आहेत. त्यांना ती चढाई वजा करा म्हटलं तर राग येतो.

काही ॲपं मग असं करतात की तुमच्या यंत्राने लिहिलेली उंची फेकूनच देतात आणि स्वतःकडच्या नकाशातली उंची बसवतात. हा नकाशा आला कुठून? २००० सालच्या फेब्रुवारीत 'एंडेव्हर' हे अंतराळयान अकरा दिवस रडार घेऊन पृथ्वीभोवती फिरलं आणि जमिनीचा बहुतेक भाग मोजून आलं. ते मोजमाप आणि त्याची पुढची भावंडं अजून कामाला आहेत. काम अफाटच, यात वाद नाही. पण त्यात जमीन तीस-तीस मीटरच्या चौकटींत कापलेली असते आणि एका चौकटीला एकच उंची. आपला घाटरस्ता असतो दहा मीटर रुंद. त्याच्या डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी. चौकटीत डोंगर जास्त आला की रस्ता वर, दरी जास्त आली की खाली. त्यामुळे जो घाट इंग्रजांच्या काळापासून बैलांना झेपेल अशा बेताने वर नेलेला आहे, तो ट्रेनरवर अठरा टक्के चढ, लगेच बारा टक्के उतार, पुन्हा वीस टक्के चढ असा अंगावर येतो. खड्डा मात्र तीस मीटरच्या चौकटीत दिसत नाही. (आपल्याकडचे काही दिसायला हरकत नव्हती.)

खरी गंमत बोगद्याची. रडार वरून बघतं, त्याला डोंगर दिसतो. डोंगराला आतून भोक पाडलंय हे त्याला कसं कळणार? खंबाटकीचं उदाहरण घ्या. पुण्याहून साताऱ्याला जाताना घाट चढायचा आणि परत येताना बोगदा, अशी तिथली वर्षानुवर्षांची वाटणी. साताऱ्याहून पुण्याकडची फाईल नकाशातल्या उंचीवर चालवली, तर बोगद्याच्या तोंडाशी पोचल्यावर रस्ता आत जात नाही, सरळ डोंगराच्या अंगावर चढतो. झाडाझुडपांतून, कातळावरून, माथ्यावर जाऊन पलीकडे कोसळतो. सरकारने बोगदा खणायला जो खर्च केला तो सगळा पाण्यात. पुलांची तऱ्हा उलटी. पूल दरीवरून जातो, पण रडारला बऱ्याचदा दरीच दिसते. म्हणून नदी आली की सायकल पात्रात उतरते आणि पलीकडच्या काठाने वर येते. पूल नव्हते तेव्हा मंडळी अशीच जात असणार.

ज्यांना आखण्याची हौस आहे ते प्रत्यक्ष न जाता नकाशावर बोटाने रेघ ओढूनही फाईल तयार करतात. इथे कायद्याचा प्रश्न उरत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही आहे. पण घरातल्या घरात कोण अडवतो? आमच्यातल्या एका कर सल्लागाराने, म्हणजे नियमांतल्या फटी शोधणं हाच ज्याचा व्यवसाय त्याने, द्रुतगती मार्गाची फाईल बनवली. टोल नाही, ट्रक नाही, पोलीस नाही. वाटेतल्या पहिल्या बोगद्याशी त्याच्यापुढे पस्तीस टक्क्यांची भिंत उभी राहिली. मग दुसऱ्याशी. मग सागरी सेतू घेतला, तर ॲपने त्याला सरळ समुद्राच्या पाण्यावरून नेलं. शून्य टक्के चढ, शून्य उंची. एवढं निष्कलंक विवरणपत्र त्याने आयुष्यात भरलं नव्हतं.

फसवाफसवीचा विषय निघालाच आहे तर वजनाबद्दल बोलायला हवं. चढावर वजन हेच सगळं. सायकल धरून ऐंशी किलोंचा ऐवज आठ टक्क्यांच्या चढावर ताशी दहा किलोमीटरने न्यायचा तर नुसतं गुरुत्वाकर्षणाला द्यायला पावणेदोनशे वॉट लागतात. ॲपला हे गणित मांडायला तुमचं वजन हवं असतं आणि ते तुम्हीच लिहायचं असतं. लग्नाच्या बायोडाटात जसा उंचीचा रकाना, तसा इथे वजनाचा. तिथे दोन इंच वाढतात, इथे सहा किलो घटतात. साठ किलो लिहिलेला ब्याऐंशी किलोंचा माणूस सिंहगड ज्या वेगाने चढतो तो बघून कुणालाही आपल्या तब्येतीची चिंता वाटावी.

दुसरी सोय आहे 'डिफिकल्टी'ची. झ्विफ्ट नावाच्या प्रसिद्ध ॲपमध्ये ही पट्टी मुळातच पन्नास टक्क्यांवर ठेवलेली असते. दहा टक्क्यांचा चढ पायाला पाच टक्क्यांचा लागतो. पन्नास टक्के सूट म्हटल्यावर पुणेकराला आधी शंका येते आणि ती इथे रास्त ठरते. डोंगर तेवढाच राहतो. वर पोचायला लागणारं काम तेवढंच राहतं. फक्त गिअर हलके करायची वेळ उशिरा येते. सूट जाहीर करून किंमत तीच ठेवण्याची ही कला लक्ष्मी रोडला नवी नाही, पण ॲपवाल्यांनीही ती आत्मसात केली आहे हे मान्य करायला हवं.

याहून वरच्या दर्जाची लबाडी ब्रिटनमध्ये झाली. २०१९ साली तिथे घरातल्या सायकल शर्यतीची राष्ट्रीय स्पर्धा भरली. जो जिंकला त्याचं विजेतेपद नंतर काढून घेतलं, अडीचशे पौंड दंड केला आणि सहा महिने बंदी घातली. गुन्हा काय? झ्विफ्टमधली एक खास वेगवान सायकल मिळवायची तर पन्नास हजार मीटर चढाई पुरी करावी लागते. ती त्याने स्वतः केलीच नव्हती, संगणकाच्या प्रोग्रॅमकडून करून घेतली होती. म्हणजे जी सायकल अस्तित्वात नाही ती मिळवण्यासाठी, जो डोंगर अस्तित्वात नाही त्यावर, जो माणूस सायकलवर नाही तो चढत होता. आणि दंड मात्र खऱ्या पौंडांत. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही घेतली, तेव्हा हे खूळ आहे असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

ती स्पर्धा झाली याच ॲपमधल्या वाटोपिया नावाच्या काल्पनिक बेटावर. हे बेट काल्पनिक असलं तरी त्याला अक्षांश-रेखांश द्यावे लागतात, आणि ते दिलेत सॉलोमन बेटांतले. त्यामुळे घरातल्या कसरतीची जी फाईल निघते ती नकाशावर टाकली की मालक थेट पॅसिफिक महासागरात दिसतो. आमच्या ग्रुपमधली निम्मी मंडळी नोंदीप्रमाणे सगळा पावसाळा सॉलोमन बेटांवर होती. त्यातल्या दोघांचे पासपोर्ट अजून निघायचे आहेत.

परदेशी घाटांचं आकर्षण समजण्यासारखं आहे. फ्रान्समधला आल्प द्युएझ, १३.८ किलोमीटर, सरासरी आठ टक्क्यांच्या वर, २१ वळणं. १९५२ साली तूर द फ्रान्स पहिल्यांदा तिथे चढली आणि फाउस्टो कोप्पी जिंकला. वळणांना आकडे आहेत, तेही उलटे. खाली एकवीस, वर एक. माणसाला किती उरलंय हे कळत राहतं. याची फाईल लावून पहाटे साडेपाचला चढायला लागलं की अकराव्या वळणावर दूधवाला बेल वाजवतो, नवव्यावर वरच्या मजल्यावरचा मिक्सर सुरू होतो आणि चौथ्यावर सोसायटीचा वॉचमन विचारायला येतो की पाण्याची टाकी भरून वाहतेय ती बंद करायची का. कोप्पीला यातलं काही सोसावं लागलं नव्हतं.

स्वदेशी अभिमान असणारे खारदुंग ला लावतात. त्या खिंडीतला फलक वर्षानुवर्षं १८,३८० फूट, म्हणजे ५६०२ मीटर, असं छातीठोकपणे सांगत आला आणि त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढलेली माणसं प्रत्येक सोसायटीत आहेत. उपग्रहावरून मोजलं तर उंची भरते सुमारे ५३५९ मीटर. जवळजवळ अडीचशे मीटर कमी. जीपीएक्स फाईलने केलेली ही सर्वांत निर्दय कामगिरी असावी. दिवाणखान्यात ज्यांच्याकडे तो फोटो फ्रेम करून लावलेला आहे, त्यांना हे सांगायला जाऊ नये. बाकी कोथरूडमधून खारदुंग ला चढणं फार सुखाचं. चढ लडाखचा, प्राणवायू ५६० मीटर उंचीवरच्या पुण्याचा. वर पोचल्यावर डोकं दुखत नाही, मॅगी मात्र स्वतःच करावी लागते.

घरातल्यांना या सगळ्याचं भौगोलिक भान ठेवणं अवघड जातं. फोन आला की बायको सांगते, 'तो सिंहगडावर आहे... नाही, घरीच आहे... हो, सिंहगडावरच, हॉलमध्ये.' खालच्या मजल्यावरचे काका एकदा वर आले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, 'अहो, पहाटे पहाटे दळण काढता का तुम्ही?' मी म्हटलं, 'काका, आल्प्समध्ये होतो.' ते म्हणाले, 'मग तिथे जाऊन दळा ना.' यावर चटईखाली आणखी एक चटई टाकण्यापलीकडे उत्तर नसतं.

आईचा प्रश्न जास्त मूलभूत होता. 'एवढी पावणेदोनशे वॉट वीज काढतोस म्हणे तू. मग बिल कमी का येत नाही?' त्याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे आणि ते लाजिरवाणं आहे. पावणेदोनशे वॉटवर साधे दोन सीलिंग फॅन आरामात फिरतात. पण ट्रेनर त्या सगळ्याची उष्णता करून हॉलमध्ये सोडतो. शिवाय माणसाचं शरीर खाल्लेल्यातला चौथा हिस्सा जेमतेम पेडलपर्यंत पोचवतं, उरलेले तीन हिस्से घामावाटे जातात. रस्त्यावर वारा लागतो, इथे माणूस ताशी शून्य वेगाने आल्प्स चढत असतो. म्हणून दोन पंख्यांची वीज काढताना तीन पंखे लावावे लागतात. आई म्हणाली, 'त्यापेक्षा गच्चीवर टाकी भरायचा पंप चालव पायाने.' सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव येऊ नये म्हणून मी तो विषय तिथेच थांबवला.

उताराबद्दल एकच सांगतो. ट्रेनरवर ब्रेक लावावा लागत नाही. बोरघाटात समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांत ज्यांची दातखीळ बसते ती माणसं घरात ताशी सत्तर किलोमीटरने वळणं घेतात आणि तेवढ्यात एका हाताने चहा पितात. हे शौर्य मोजायची सोय अजून कुठल्या ॲपने केलेली नाही.

एवढं सगळं असूनही मी या फाईलींच्या बाजूचा आहे. पुणे ते गोवा डेक्कन क्लिफहँगर या शर्यतीला, नाहीतर तेरा तास तीस मिनिटांत दोनशे किलोमीटर पुरं करायच्या ब्रेव्हेला उतरणाऱ्या माणसाला घाटाचा कुठला तुकडा मोडून काढणार आहे हे आधी पायाला कळलेलं बरं. खऱ्या सिंहगडावर सर्वांत अवघड किलोमीटर एकदाच येतो आणि तेव्हा अक्कल जाग्यावर नसते. घरात तोच किलोमीटर कापून पाच वेळा लावता येतो. गिअर कधी टाकायचा, श्वास कुठे राखायचा, हे तिथे शिकता येतं. ट्रेनर चढ शिकवतो, आणि तो बऱ्यापैकी प्रामाणिकपणे शिकवतो. बाकी रस्ता शिकवत नाही. वर गेल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही मिळतं, ही माहिती जीपीएक्स आपणहून टिपत नाही. तशी ठिपक्याला नाव द्यायची सोय आहे, पण त्याने पोट भरत नाही.

तर, पसरणी घाटाची, वाईकडून पाचगणीकडे चढणारी, चांगली फाईल कुणाकडे असेल तर कृपया पाठवावी. वायुभारमापक असलेल्या यंत्राने, कोरड्या दिवशी घेतलेली असावी. त्या घाटात बोगदा नाही, तेव्हा ती चिंता नाही. पहिला किलोमीटर आपापला कापून घ्यावा. वाटेत कुठे खायला थांबला असाल तर तेवढे ठिपके काढून टाकावेत. पण काय खाल्लं, कुठल्या वळणावर खाल्लं आणि केवढ्याला, ते वेगळं लिहून कळवावं.